तेरवी झालेला माणूस

अमरावती, १३ जुलै २०२५

ती. आबाजींना,
प्रणालीचा शि. सा. न. वि. वि.

पोस्टाचं तिकीट लावणारी आख्ख्या होस्टेलात मी एकटीच आहे, त्यामुळे मुली मला हसतात. पण तुम्ही कानात मशीन घालणार नाही, फोनवर तुम्हाला ऐकू येणार नाही, आणि बाबांच्या मोबाईलवर लिहिलं तर तुमच्याआधी घरभर वाचलं जाणार. तेव्हा हेच बरं.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक नवीन काम लागलं आहे. दर शनिवारी एका वयस्कर माणसाकडे जाऊन तास-दीड तास बसायचं. सोबत एक छापील फॉर्म आहे: झोप किती, जेवण काय, चालणं किती, बोलायला कोण आहे, मनाला काही खातं का. आमच्या शालू मॅडम म्हणाल्या, औषधं आम्ही शिकवू, पण चांगलं म्हातारपण कसं असतं ते त्यांच्याकडूनच शिकून या.

राजापेठच्या मागच्या वस्तीत समाजमंदिरात ओळखपरेड झाली. आम्ही चौघींनी उभं राहून नाव, आडनाव, गाव सांगितलं. मी सांगितलं, राहणार अकोला, मूळ मूर्तिजापूरकडचे, आजोबांचं नाव भगवंतराव. मॅडम यादी काढायच्या आतच मागून एक आजोबा उठले आणि म्हणाले, ही पोरगी मले द्या. सगळे हसले. मला मात्र फार मोठं बक्षीस लागल्यासारखं वाटलं.

त्यांना वस्तीत सगळे दादाजी म्हणतात. वय त्र्याऐंशी, पाठ ताठ. वीस पायऱ्या चढून वरच्या खोलीत एकटे राहतात, भाकर स्वतः थापतात, पहाटे अंबादेवीपर्यंत पायी जाऊन येतात. तरुणपणी सुरतेला मिलमध्ये होते, नंतर नांदगाव पेठेत एका कापडाच्या युनिटवर चौकीदार. साखर नाही, आणि बीपी एकशे बावीस-अठ्ठ्याहत्तर! तुमचं किती असतं ते मी पत्रात लिहीत नाही, म्हणजे तुमच्या लोणच्याची बरणी वाचेल.

फॉर्मवर नाव विचारलं तर म्हणाले, दादाजी लिही. नातेवाईकांच्या रकान्यापाशी आले तेव्हा म्हणाले, कोणी नाई, माझी तेरवी झाली हाये. मी हसले. ते हसले नाहीत. मी रकान्यात निरंक लिहून पुढे गेले.

जेवण वेळेवर करा. माझ्यावर माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
प्रणाली


अकोला, २० जुलै २०२५

चि. प्रणालीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझ्या लोणच्याच्या बरणीवर तुझी नजर आहे हे वाचून बरणी वरच्या फळीवर ठेवली. आता काढायला स्टूल लागतं, म्हणजे व्यायामही होतो. हे तुझ्या मॅडमना सांग.

घरी सगळे बरे आहेत. तुझ्या बाबाची, गोपालची कंबर धरली होती, सुटली. तुझी आई तुझ्या जेवणाची काळजी करते आणि तुझ्या वाटचं मला वाढते. तुझी आजी गेल्यापासून या घरात जेवायला आग्रह करायचं काम तिनं घेतलं आहे.

तुझ्या त्या दादाजींबद्दल लिहिलंस. माणसानं स्वतःच्या तेरवीची थट्टा करू नये. त्यांचं गाव कोणतं? सुरतेला कोणत्या साली गेले? डाव्या हाताची करंगळी पूर्ण आहे का, ते बघ. सहज विचारतो. कापसाच्या जिनिंगमध्ये असताना त्या बाजूचा एक ओळखीचा होता.

अभ्यास सोडून लोकांत फार गुंतू नकोस. सुखी रहा.

तुझे,
आबाजी


अमरावती, ३ ऑगस्ट २०२५

ती. आबाजींना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला कसं कळलं? करंगळी अर्धीच आहे! लहानपणी कडबा तोडताना गेली म्हणाले. गाव विचारलं तर नुसतं म्हणाले, तुमच्याच बाजूचं. सुरतेला चौसष्ट साली गेले. तुमचा ओळखीचा तोच असेल तर सांगा, मी तुमचा नमस्कार पोचवते. इतक्या वर्षांनी ओळखीचं कोणी भेटलं तर त्यांना किती बरं वाटेल.

तेरवीचं मी पुन्हा विचारलं. मॅडमनी शिकवलं आहे की म्हातारी माणसं थट्टेत जे बोलतात ते थांबून ऐकायचं. ते शांतपणे म्हणाले की खरंच झाली, मला पत्रानं कळवलं होतं. पितृपक्षात दरवर्षी ते स्वतःसाठी खीर करतात आणि स्वतःच खातात. म्हणाले, घरी कोणी पान वाढत असीन तं ते माह्यापर्यंत कसं येईन, मी तं इथं बसून राहिलो. आबाजी, भरदुपारी माझ्या अंगावर काटा आला. समोर बसलेला माणूस भाकर मोडतो आहे, आणि बोलणं असं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्यांनी माझ्या घरचं विचारलं. मी तुमचं सांगितलं, आई-बाबांचं सांगितलं. मग आजीचं विचारलं. मी म्हटलं, आजी दोन वर्षांपूर्वी चैत्रात गेली. ते उठले, खाली नळावर गेले आणि अंगावरच्या धोतर-सदऱ्यासकट डोक्यावर दोन बादल्या पाणी ओतून घेतलं. मी वरून ओरडत होते की सर्दी होईल. तसेच ओले वर आले आणि मला म्हणाले, आज भाकर नाई करत, तू जा.

घरचं माणूस गेल्याची बातमी आल्यावर अशी अंघोळ करतात ना? मग आमच्या आजीसाठी त्यांनी का केली? फॉर्ममध्ये हे कुठे लिहायचं ते मला कळलं नाही.

उत्तर लवकर पाठवा. तुमची आठवण येते.

तुमची,
प्रणाली


अकोला, ९ ऑगस्ट २०२५

चि. प्रणालीस आशीर्वाद.

त्या माणसाकडे आता जायचं नाही. तुझ्या मॅडमना सांगून दुसरं कोणी माग. कारण विचारू नकोस. गोपालला आणि तुझ्या आईला यातलं काही कळवू नकोस.

माझी तब्येत ठीक आहे.

आबाजी


अमरावती, १७ ऑगस्ट २०२५

ती. आबाजींना,
नमस्कार वि. वि.

मला जन्मापासून तुम्ही एवढं तुटक कधी बोलला नाहीत. पोस्टातून राग इतका स्वच्छ पोचतो हे मला माहीत नव्हतं. मी तुमचं ऐकायला हवं होतं, पण मी काल गेले. फॉर्म अर्धा सोडून मला दुसरं घर मिळणार नाही, हे एक कारण. दुसरं कारण असं की एक माणूस ओल्या कपड्यांत उभा असलेला मी पाहिला आहे, आणि त्याला तसाच सोडून मला झोप येत नव्हती.

ते ठीक आहेत. सर्दीसुद्धा नाही. मी विचारलं की लग्न झालं होतं का. हो म्हणाले, एक वर्ष संसार केला. नाव विचारलं. त्यांनी फॉर्म माझ्या हातातून घेतला, पेन घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, जमुना.

आबाजी, आजीचं नाव जमुना. तुमच्या खोलीत तिच्या फोटोखाली मीच ते रंगानं लिहिलं आहे. मी घरी फोन केलेला नाही, बाबांना विचारलेलं नाही. तुम्हालाच विचारते. हे दादाजी कोण आहेत? मी लहान नाही. रोज वॉर्डात माणसं जाताना बघते. तुम्ही जे लिहाल ते मी वाचू शकते. काही लिहिलंच नाही, तर मात्र मला तुमची भीती वाटायला लागेल.

वाट पाहते.

प्रणाली


अकोला, २५ ऑगस्ट २०२५

चि. प्रणाली,
आशीर्वाद. हे पत्र वाचून झाल्यावरही माझा आशीर्वाद तुला हवासा वाटेल का, ते तूच ठरव.

तो माझा थोरला भाऊ आहे. डोमाजी. मी त्याला जिवंतपणी मारला.

चौसष्ट साली विहिरीत एक बैल पडून मेला. चूक डोमाजीची होती. बापूनं, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याला अंगणात सगळ्यांसमोर, बायकोसमोर, बैल हाकायच्या तुतारीनं मारलं. तो बावीस वर्षांचा होता. तसाच उठून गेला. शकुंतला रेल्वेत बसताना गावातल्या दोघांनी पाहिला, पुढे पत्ता नाही. त्याचं लग्न होऊन एक वर्ष झालं होतं. त्याची बायको जमुना, म्हणजे तुझी आजी. ती माहेरी गेली नाही. आमच्या घरात कुंकू लावून बारा वर्षं राहिली. माझ्याच वयाची. मला स्थळं येत होती आणि मी नाही म्हणत होतो, ते का, हे तुला आता कळेल. मला ती हवी होती. सरळ लिहितो, आडून लिहायचं वय राहिलं नाही.

बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा नसला की त्याला गेला असं मानतात. पळसाच्या काड्यांचा पुतळा करतात, त्यालाच अग्नी देतात आणि पुढचं सगळं करतात. बापू तोवर गेला होता. पोराला गती मिळाली नाही म्हणून आईचा जीव कासावीस व्हायचा. शहात्तर सालच्या मे महिन्यात करायचं ठरलं. आणि मार्चमध्ये ओसरीवर ठेवलेल्या माझ्या हिशेबाच्या वहीत मला एक कार्ड सापडलं. बापूच्या नावानं, सुरतेहून. मी जिवंत आहे, रागानं गेलो, आता यावंसं वाटतं, जमुना आहे की माहेरी गेली, दोन ओळी लिहा म्हणजे येतो. अक्षर मी ओळखलं. पोस्टमननं कार्ड वहीत ठेवलं असेल असं वाटलं. ते मी चुलीत टाकलं. उत्तर दिलं नाही. कोणाला सांगितलं नाही.

मेमध्ये पुतळ्याला अग्नी मी दिला. पुतळा जळताना तिनं पुसलेलं कपाळ मी पाहिलं आणि मला आनंद झाला. त्या आनंदाची लाज मला आजपर्यंत पुरली आहे. सहा महिन्यांनी आमच्या समाजाच्या रीतीनं तिचा माझ्याशी पाट लागला. पुढच्या वर्षी गोपाल झाला.

पितृपक्षात मी त्याच्या नावाचं पान गच्चीवर ठेवत आलो. बाकी सगळ्यांच्या पानांना कावळा शिवतो, त्याच्या पानाला एकोणपन्नास वर्षांत कधी शिवला नाही. मी दर वर्षी तिथं उन्हात उभा राहायचो. तुझी आजी वर यायची, पान उचलून गाईला घालायची. पोरं म्हणायची, आबाजीचा भावावर किती जीव.

आता ठरव, मी निरोगी म्हातारा आहे का.

आबाजी


अमरावती, ३१ ऑगस्ट २०२५

ती. आबाजींना,
शि. सा. न. वि. वि.

आशीर्वाद हवा आहे. आधी ते लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही नीट वाचाल.

मला तुमचा राग आला. अजूनही आहे. तुमचं पत्र मी होस्टेलच्या जिन्यात बसून वाचलं. मग एक गोष्ट डोक्यात शिरली ती निघेना. तुम्ही त्या कार्डाला उत्तर दिलं असतं तर बाबा नसते, मी नसते. म्हणजे तुमच्यावर रागवायला सुद्धा मी तुमच्या त्या चुलीतूनच आले आहे. हे मी कोणाला सांगू?

काल गेले. मी काही बोलणार नव्हते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, भगवंताचं पत्र आलं काय? आबाजी, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आडनाव, गाव आणि तुमचं नाव ऐकूनच त्यांनी मला मागून घेतलं होतं. तुमचा आजीशी पाट लागल्याचं त्यांना सुरतेलाच कळलं होतं. मी म्हटलं, मग सांगितलं काहून नाही? म्हणाले, मेलेल्या माणसानं आधी बोलू नये, जित्यायले भेव वाटते. सुरतेची मिल बंद पडल्यावर ते मुद्दाम इकडे आले. गावापासून दीड-दोन तासांवर. त्याहून जवळ नाही.

त्यांनी तुमच्यासाठी निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा लिहिते. भगवंताले म्हणा, या वर्षी कावळ्याले कायले त्रास देतं, पान मलेच आणून वाढ. तुह्यासाठी माह्यापाशी एक वस्तू हाये, ती घेऊन जा.

त्यांचं बीपी मी लिहीत नाही. पण खरं सांगते, पहिल्यांदाच वीस पायऱ्या चढताना ते मध्ये थांबले. छातीला हात लावून. दवाखान्यात येत नाहीत, हसतात. मी नर्स होईन तेव्हा होईन, पण एवढं मला आत्ताच कळतं की हा पितृपक्ष तुम्ही टाळू नये.

या. मी स्टॅंडवर घ्यायला येते. हात धरून आणीन, पण तुमच्या बाजूनं बोलणार नाही.

तुमचीच,
प्रणाली


अकोला, १५ सप्टेंबर २०२५

चि. प्रणालीस,
पोटभर आशीर्वाद.

परवा तू मला त्या खोलीच्या दाराशी सोडून खाली जाऊन बसलीस, ते फार बरं केलंस. आत काय झालं ते तुला लिहायचं मी कबूल केलं होतं. तोंडानं सांगता आलं नसतं.

तो उभा होता. मी पाया पडलो. त्यानं उठवलं नाही, पण पाय मागेही घेतले नाहीत. मग तांब्या दिला. तुझ्या आईनं बांधून दिलेला डबा मी सोडला. मित्राकडे जेवायला जातो असं तिला सांगितलं होतं. खीर, वडे, भाजी सगळं ताटात वाढलं. माझ्या भावाला त्याच्याच श्राद्धाचं मी माझ्या हातानं वाढलं आणि तो खाली मान घालून जेवला. शेवटचा घास घेतल्यावर म्हणाला, मीठ बरोबर हाये. मला रडू आलं, पण त्याच्यासमोर रडायचा हक्क मला आहे असं वाटलं नाही.

मी सगळं कबूल केलं. कार्ड, चूल, पुतळा. जमुना मला हवी होती तेही. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो, खालपर्यंत आला असेल. त्यानं ऐकून घेतलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, तू नाई मारलं मले. मग ट्रंकेतून एक जुनं पोस्टकार्ड काढून माझ्या हातात ठेवलं.

अक्षर तुझ्या आजीचं. चौथी शिकलेली, प्रत्येक अक्षर वेगळं काढायची. मी पाठ केलं आहे, जसं आहे तसं लिहितो. आपले कार्ड मिळाले. इकडे तुमची तेरवी झाली. मी बारा वर्षे तुमच्या नावाने राहिले, आता मला राहू द्या. येऊ नका. जमुना.

तारीख अकरा एप्रिल. तेरवी मेमध्ये झाली, पोरी. तिनं हे लिहिलं तेव्हा पळस तोडलासुद्धा नव्हता.

म्हणजे पोस्टमननं कार्ड तिच्याच हातात दिलं होतं. तिनं वाचलं आणि माझ्या वहीत ठेवलं. माझ्या हातून काय होतं ते तिला बघायचं होतं. मी भावाला बोलवीन की नाही, ते बघायचं होतं. मी जाळलं. ते तिनं पाहिलं असणार, चूल तिचीच होती. मग तिनं तिचं कार्ड लिहिलं. पुढे सत्तेचाळीस वर्षं तिनं मला जेवायला वाढलं आणि जे मी तिच्यापासून लपवलं तेच तिनं माझ्यापासून लपवलं. ती गच्चीवरून न शिवलेलं पान का उचलायची, ते मला आता समजतं.

अजून एक. दवाखान्यात शेवटच्या दुपारी ती मला म्हणाली होती, एक गोष्ट सांगाची हाये. मला वाटलं कार्डाचं विचारते की काय. मी घाबरलो आणि म्हणालो, आता बोलू नको, दम लागतो, पडून रहा. ती पडून राहिली. संध्याकाळी गेली. तुझी आजी सांगत होती आणि मी तिला सांगू दिलं नाही. याचं मला आता काहीच करता येत नाही.

मी डोमाजीला म्हटलं, घरी चल. गोपालला मी सांगतो, सगळ्यांना सांगतो, माझं जे व्हायचं ते होवो. तू थोरला आहेस, घर तुझं आहे. अकोल्यात डॉक्टरही चांगला आहे. मी हात जोडले. त्यानं माझ्या हातातल्या कार्डावर बोट ठेवलं. मग म्हणाला की येऊ नको असं तिनं सांगितलं होतं. ये म्हणाचं तं तिनंच म्हणाव लागते, आन् ती आता नाई.

मी परत आलो. बसमध्ये तू माझ्याजवळ बसून मूर्तिजापूरपर्यंत सोडायला आलीस. शनिवारी त्याच्याकडे जात जा. तुझा फॉर्म भरून झाला तरी जात जा. मीही येईन, पण बाहेरचा म्हणून. त्याला तसंच चालेल म्हणाला.

माझ्यावर राग असू दे, पण लिहिणं सोडू नकोस.

तुझा,
आबाजी